प्राप्तीच्या पेटीतला तांडेल

"आता जे सांगणार आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, आणि बसलाच तर मला माझ्याबद्दलच शंका येईल. पण या कोपरच्या खाडीकाठी घरात बांधलेला पहिला कॉम्प्युटर आमचा, आणि त्यातला एकूण एक भाग निवडला तो मी. होय, मी!"

हे मी अनिशच्या रिसेप्शनला, मांडवात दुसऱ्या रांगेत बसून, शेजारच्या आळीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो. कारण माझा मुलगा कमलेश खुर्चीवरून उठायला लागला होता, आणि काहीही करून त्याला उठू द्यायचं नव्हतं.

का, ते आधी सांगून टाकतो, नाहीतर तुम्हीही उठाल.

अनिश म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा नातू. त्याची हळद झाली शुक्रवारी. आमच्यात एखादा माणूस लग्नाला चुकेल, हळदीला चुकत नाही. लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण गायली, बँजो वाजला, म्हाताऱ्या नाचल्या, आणि हे सगळं कमलेशच्या मुलीने, माझ्या नातीने, प्राप्तीने कॅमेऱ्यात धरलं. त्याची फिल्म त्याच नव्या कॉम्प्युटरवर कापून रविवारी रिसेप्शनला मोठ्या पडद्यावर लावायची होती. कमलेशने तिला चारचौघांत सांगून ठेवलेलं: फिल्म लागली तर मशीन तुझं, धंदा तुझा, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही लागली तर सोमवारी माझ्याबरोबर ठाण्याला. ठाण्याला त्याच्या ऑफिसात एक जागा रिकामी होती, साहेबाशी बोलून झालेलं. दिवसभर जुने कागद स्कॅन करायचे. प्राप्ती मला, म्हणजे आपल्या आजोबाला, दाजी म्हणते; ती म्हणायची, "दाजी, मी तिथे बसले ना, तर एक दिवस मलाच स्कॅन करून ठेवून देतील."

आणि आत्ता, नवरानवरी स्टेजवर चढत असताना, तिने मला घरातून बाहेर ढकललं होतं. घर मांडवाच्या पाठीलाच आहे. अंगावर जरीची साडी, हातात स्क्रूड्रायव्हर, आणि चेहरा असा की भरती चढतेय आणि नांगर निघत नाहीये.

"परत बंद पडलं. दाजी, पप्पांना आत येऊ देऊ नको. काहीही सांग, पण थांबव."

दार लागलं. आतून कडी.

काहीही सांग, म्हणाली. मला!

"कुठे निघालास?" मी कमलेशचा हात धरला. "हा केदार विचारतोय, कॉम्प्युटर कसा निवडला म्हणून. पाहुण्याला अर्धवट ठेवू?"

केदार अनिशचा मित्र. डोंबिवली पूर्वेचा, कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला. त्याने असलं काही विचारलं नव्हतं. पण चांगल्या घरचा मुलगा, वडीलधाऱ्याला तोंडावर खोटं कसं पाडणार? त्याने मान हलवली. कमलेश पडद्याकडे बघत, खुर्चीच्या टोकावर टेकला. मी सुरू केलं.

तर गणपती गेले आणि आमच्या घराला बेचैनी चावली. प्राप्तीचा जुना लॅपटॉप हळदीच्या फिल्मा करून थकला होता. एवढा तापायचा की आवडाबाई, म्हणजे माझी बायको, जन्मभर मासळी विकलेली बाई, त्यावर सुकट वाळत घालायला निघाली होती. आणि प्राप्तीने गाणं कापायला घेतलं की पडद्यावरची माणसं मधेच थिजायची. नवऱ्याची मावशी एक पाय हवेत धरून उभी. तो पाय खाली येईपर्यंत प्राप्ती चहा करून, पिऊन, कप विसळून यायची.

"मग घे की नवा दुकानातून," मी म्हणालो.

"तयार नाही घ्यायचा. एकेक भाग निवडून बांधायचा. तयार पेटीत ना दाजी, एक भाग भारी टाकतात, त्याचंच नाव मोठं लिहितात. बाकी सगळा गाळ."

हे मला लगेच पटलं. बाजारात वाटा लावतात तोही असाच. वर ताजे बोंबील, खाली कालचे.

"आणि मला गेमपण खेळायचेत," ती हळूच म्हणाली. कमलेश मोरीत तोंड धूत होता, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

"हे मला आज कळतंय," कमलेश मांडवात म्हणाला.

"आज कळलं ना? मग पुढचंही ऐक. बस."

सगळी आग तिथेच होती. खेळायला ग्राफिक कार्ड दांडगं लागतं. फिल्म कापायला प्रोसेसर दांडगा लागतो, आणि रॅम भरपूर. खिसा मात्र एकच. सकाळी उठली की ठरायचं, कार्ड मोठं घेऊ. आंघोळ होईपर्यंत प्रोसेसर मोठा व्हायचा. तिचा चुलतभाऊ प्रणित सांगणार लाल कंपनीचा घे, त्याचा मित्र सांगणार निळ्या कंपनीचा. कल्याणहून तिची मैत्रीण ऋतिका फोन करणार, "येडी आहेस का, थांब, नवीन कार्ड येतंय!" थांबावं तर रॅमचा भाव चढतोय, पावसाळ्यात समुद्र बंद झाल्यावर सुरमईचा चढतो तसा. बाहेरच्या ओट्यापासून मोरीपर्यंत, मोरीपासून ओट्यापर्यंत, कानाला फोन लावून पोरगी फिरतेय. तिला बघून मांजर फिरायला लागलं. मांजराला बघून मी. शेवटी आवडाबाई ओरडली, "बसा रं सगली! जमीन झिजली!"

खोटं नाही सांगत, फरशी झिजून ओट्याकडे उतार पडलाय. पाणी सांडलं तर आपोआप बाहेर जातं.

केदार हसला. कमलेश हसला नाही. "बाबा, फिल्म झालीय की नाही एवढं सांग."

"फिल्म केव्हाच झाली. नवरीकडची मंडळी जेवून होऊ देत, मग लागेल. उपाशी पोटी कुणी रडतं का?"

आता हे कसं निस्तरायचं ते देवाला ठाऊक. मी पुढे गेलो.

तिचा गोंधळ मी कसा सोडवला ते ऐका. म्हटलं, "पोरी, होडी आठव. प्रोसेसर म्हणजे तांडेल. होडी कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, हुकूम त्याचा. ग्राफिक कार्ड म्हणजे खलाशी, जाळं ओढणारे दंड. रॅम म्हणजे होडीची फळी, ओढलेलं म्हावरं पसरायची जागा. जागा कमी पडली तर खलाशी कितीही तगडे असोत, हात बांधून उभे. आणि तुझी ती डिस्क म्हणजे खालचा बर्फाचा खण."

"आणि मदरबोर्ड?"

"तो कणा. तो वाकडा तर सगळं वाकडं."

ती फिरायची थांबली. खांबाला टेकली. मग म्हणाली, "म्हणजे तांडेल शहाणा घ्यायचा, फळी मोठी घ्यायची, आणि खलाशी मधल्या ताकदीचे. गेम थोडे कमी झगमगीत दिसतील. चालेल. पोट त्यांच्यावर नाही."

"दाजी, हे मात्र अगदी बरोबर आहे," केदार म्हणाला.

मी त्याच्याकडे रागाने पाहिलं. गोष्टीत खरं घुसलं की माझी लय जाते.

मग आम्ही ठाण्याला गेलो. मी, प्राप्ती आणि आवडाबाई. स्टेशनपाशी एका चकचकीत दुकानात शिरलो. आत इतकी थंडी की आवडाबाईने पदर कानावरून घेतला. पोऱ्याने काचेच्या कपाटातून ग्राफिक कार्ड काढून ठेवलं. तीन पंख्यांचं, लांबलचक, वाम मासाच म्हणा ना. आवडाबाईने ते उलटं केलं, पंख्यामागच्या पत्र्यात बोट घातलं, नाकाला लावलं.

"आजी, स्मेल काय करताय?" पोऱ्या घाबरला. "सीलपॅक आहे."

"सीलपॅक सगल्यांचंच असतं, बाला. कल्ला बघितल्याबिगर मी माझ्या बापाकडून पन म्हावरं घेतलं नाय."

प्राप्ती कपाळाला हात लावून उभी. मी पुढे झालो. कार्ड खिशाबाहेरचं निघालं म्हणून परत ठेवलं; प्रोसेसर, रॅम आणि पेटीचा भाव झाला, कोळणीचा रिवाज राहिला होता. म्हटलं, "वर काय टाकतोस?"

"वर म्हणजे?"

"अरे, एवढा वाटा उचलला. वर एखादी कोळंबी टाकायची पद्धत असते."

त्याने माऊसखालची गादी टाकली. मी हललो नाही. त्याने एक पंखा टाकला. मी हललो नाही. मालक आतून आला. माझ्याकडे एकदा बघितलं आणि स्वतःची बसायची खुर्ची उचलून वर टाकली. चाकांची! तिच्यावर बसून ठाण्याहून कोपरला आलो मी. उतार लागला की पाय वर.

शेजारची वासंतीकाकू इतकी हसली की तिच्या हातातलं सोलकढीचं भांडं हिंदकळलं. मागच्या रांगेतले लोक खुर्च्या ओढून जवळ आले. कमलेशच्याही ओठाचा कोपरा हलला. पण तेवढ्यात आमच्या घराच्या खिडकीतला उजेड गेला. मशीनच्या रंगीत दिव्यांचा जो निळा-जांभळा उजेड पडद्याआडून दिसत होता, तो. गेला, आणि लवकर येईना.

कमलेशने ते पाहिलं. तो उभा राहिला.

"बंद पडलंय ना ते? खरं सांग बाबा. हळदीच्या रात्रीपासून बंद पडतंय. काल पण बंद पडलेलं, मला प्रणित बोलला. सगळे बोलतायत, पोरीने भाग चुकीचे घेतले. माझं ऐकली असती तर—"

"चुकीचे? भाग चुकीचे?" मी त्याचा शर्ट धरून खाली ओढला. "कल्याणची गोष्ट ऐकलीस का तू? बस! एकदा तरी बापाची गोष्ट पुरी ऐक!"

एवढ्या लोकांसमोर बापाचा हात कसा झटकणार? बसला. पण त्याचा पाय जमिनीवर ठकठक करत राहिला. माझाही करत होता. दोघांचे पाय एका तालात.

कल्याणहून मदरबोर्ड मी एकट्याने आणला, प्राप्तीला न सांगता. म्हटलं, पापलेट एकीकडून घ्यावं, कोळंबी दुसरीकडून, सगळं एकाच टोपलीतून घेतो तो फसतो. घरी आणला, तर तांडेल त्याच्यावर बसेना! प्राप्तीचा प्रोसेसर एका जातीचा, माझ्या कण्याची खाच दुसऱ्या जातीची. मी म्हटलं त्यात काय, आणि कानस काढली. होडीच्या इंजिनाचे कितीतरी भाग असे घासून बसवलेत. प्राप्तीने अशी किंकाळी फोडली की खाडीपल्याडची गाडी थांबली. मोटरमन उतरून विचारायला आला, कोण गेलं?

मग ती कण्याला छातीशी धरून तशीच कल्याणला गेली, दुकानदाराशी भांडली, बदलून आणला. त्या दिवसापासून भाग आले की ती आधी स्वतः जुळवून बघायची. पिन, खाच, लांबी, वीज. कार्ड पेटीत मावतं का ते तिने खोक्याच्या पुठ्ठ्याचं कार्ड कापून बघितलं. माझ्या हातात काही द्यायची नाही.

"म्हणजे भाग तिने निवडले," केदार हळूच म्हणाला.

"निवडले तिने, पण मी बघत होतो ना!"

लोक हसले. मी घाईने पुढे सरकलो, कारण आता गोष्टीचं सगळ्यात मोठं म्हावरं जाळ्यात यायचं होतं.

गुरुवारी सगळं जुळून झालं. कणा पेटीत बसला, तांडेल कण्यावर बसला, फळी लागली. फक्त कार्ड कल्याणच्या दुकानात यायचं होतं ते आणायला प्राप्ती गेली. जाताना आजीला म्हणाली, "आजी, कशाला हात लावू नको. या प्रोसेसरच्या डोक्यावर लेप लावायचाय, वरून पंखा बसवायचाय. लेप नसला तर डोकं तापतं."

आता आमच्या घराची रीत सांगतो. नवी होडी, नवं इंजिन, नवं जाळं, काहीही पूजेशिवाय पाण्यात जात नाही. इंजिन चालू व्हायच्या आधी हळदकुंकू. एकदा चालू झालं की मग उशीर झाला. आवडाबाईने पेटी पाटावर घेतली. मी नारळ सोलला. तिने प्रत्येक पंख्यावर कुंकवाचं बोट टेकवलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. आणि प्रोसेसरपाशी येऊन थांबली.

"याचंच डोकं तापतं नं?"

"याचंच."

"लेप लावायचा बोलली नं पोरगी?"

"बोलली."

"मंग? ताप आल्यावर आपन कपालाला काय लावतो?"

तिने देवघरातून सहाण आणली. चंदनाचं खोड घेऊन असं उगाळलं की घर एकविरेच्या गाभाऱ्यासारखं दरवळलं. दाट, थंडगार चंदन. तांडेलाच्या कपाळावर तिने ते नीट, काठोकाठ, नवरदेवाला लावावं तसं लावलं. वरून पंखा मी बसवला. इंजिनं खोललेला हात आहे माझा, चार स्क्रू काय घेऊन बसलात. प्राप्ती आली, विचारलं, "दाजी, लेप लावला?" मी म्हटलं, "लावला." आयुष्यात इतकं खरं मी क्वचितच बोललोय.

वासंतीकाकूने सोलकढीचं भांडं खाली ठेवलं. मग केदार उभा राहिला. त्याच्या हातातली प्लेट वाकडी झाली आणि बिर्याणी पँटवर सांडली.

"प्रोसेसरवर चंदन?" तो म्हणाला. "पाण्यात उगाळलेलं? दाजी, ते सुकलं असणार! शुक्रवारीच सुकलं असणार! मग ते—"

सुकलं तर काय होतं हे मला त्याने सांगायची गरज नव्हती. कपाळावरचं चंदन सुकलं की पापुद्रे गळतात हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत आहे. आणि त्या दारामागे पोरगी तीन दिवस सगळ्यांचं ऐकून घेतेय की तिने भाग चुकीचे निवडले. कमलेश माझ्याकडे बघत होता, मी कमलेशकडे. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी गोष्ट मोठी केली.

"सुकलं? अरे, सुकतंय कसलं! ते चंदन साधं होतं का? माझ्या आजाने मलबारच्या तांडेलाकडून आणलेलं खोड ते. मशीन चालू झालं आणि जे थंड पडत गेलं, जे थंड पडत गेलं, पेटीच्या काचेवर आतून दव आलं! शनिवारी सकाळी बघतो तर पंख्यावर बर्फ! म्हणून तर बंद पडतंय रे कमलेश, थंडीने आखडतंय ते, पोरीचा काय दोष? आवडाबाईने दोन पापलेटं पेटीवर ठेवली. आज दुपारी काढली, डोळे लखलखीत, कल्ले लाल! विचार तिला. केदार, बस ना, पुसू नको ते, डाग जातो. त्या पेटीला आता प्राप्ती स्वेटर घालतेय, म्हणून वेळ लागतोय. एवढीच गोष्ट. स्वेटर घालून झाला की—"

"दाजी, खोटं!"

आवाज माइकवरून आला, म्हणून सगळा मांडव वळला. प्राप्ती स्टेजच्या पायरीवर उभी होती. साडीचा पदर खोचलेला, बोटांची टोकं पिवळी-पांढरी, हातात पेनड्राइव्ह.

"कसला बर्फ? ते चंदन सुकून खपली झालेलं, मशीन तापून तापून बंद पडत होतं. मी ते खरवडलं, स्पिरिटने पुसलं, खरा लेप लावला आणि फिल्म पूर्ण काढून आणलीय. त्यातला एकही भाग चुकीचा नव्हता. आणि एकही भाग तू निवडलेला नव्हता, दाजी, सगळे मी निवडले! पप्पा, उद्या ठाण्याला तुम्ही एकटे जा."